पाव किलोचा वाद

ती रॅले गेली तीन वर्षं माझी आहे, पण मामा अजून ‘माझी सायकल’ असंच म्हणतो आणि मी त्याला कधी अडवत नाही. नॉटिंगहॅमची, १९८४ सालची. सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चा अर्धा खरवडलेला स्टिकर आहे. इंग्लंडहून परतलेल्या एका गृहस्थाकडून मामाने ती विकत घेतली, दोनदा मुंबई–पुणे शर्यतीत चालवली आणि गुडघा दुखायला लागल्यावर माझ्या हवाली केली. मी तिच्यावर दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे करते, साडेतेरा तासांच्या आत पुऱ्या करायच्या त्या. दीडशे किलोमीटरनंतर माझ्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जात नाहीत. म्हणून एका रविवारी मामाच्या गॅलरीत चहा घेता घेता मी विषय काढला.

“मामा, पुढचा चिमटा बदलायचा म्हणते. कार्बनचा टाकू.”

मामाने कप खाली ठेवला. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्याची तीस वर्षं गेली. विरोध करायचा असला की तो आधी प्रश्न विचारतो.

“तक्रार काय आहे?”

“हातांना मुंग्या येतात. रस्त्याचा सगळा हादरा वर येतो.”

“टायर कुठला?”

“तेवीस मिलिमीटरचा.”

“हवा?”

“शंभर पीएसआय.”

“मग चिमट्याला कशाला दोष देतेस? दगडावर बसून प्रवास करतेस आणि गादी बदलायच्या ऐवजी खुर्चीचे पाय बदलायला निघालीस. रस्त्यातला खड्डा आधी टायर खातो. टायर मिलिमीटरांत दबतो, चिमटा त्याच्या कितीतरी कमी. या चिमट्यात अठ्ठावीसचा टायर आरामात बसतो, वर मडगार्डही बसतं. तो टाक, हवा सत्तरवर आण, मग माझ्याशी बोल.”

“कार्बन कंप शोषतं, मामा. बारीक थरथर, खडबडीत डांबराची, ती स्टीलमधून जशीच्या तशी येते.”

“येत असेल. पण दोन्ही एकदम बदललंस तर कशाने काय झालं हे तुला कधीच कळणार नाही. आधी टायर.”

हे मला मान्य करावं लागलं. मोजायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा त्याचा टूलरूमचा धर्म आहे आणि तो बरोबर आहे. मी अठ्ठावीसचे टायर घातले, पुढे सत्तर आणि मागे पंच्याहत्तर हवा ठेवली आणि पंधरा दिवस त्याच त्या रस्त्यांवर चालवली: कात्रजचा जुना घाट, खेड शिवापूरपर्यंतचा सर्व्हिस रोड, सिंहगड. मुंग्या गेल्या नाहीत, पण पुढल्या ब्रेव्हेला दीडशेऐवजी एकशेनव्वदला आल्या आणि रात्री झोपेपर्यंत ओसरल्या. जुनी रोड सायकल अंगावर येते असं म्हणणाऱ्या कुणालाही मी आज पहिल्यांदा टायरच सांगेन. त्याला पैसा सर्वांत कमी लागतो आणि तो सर्वांत जास्त देतो.

तरी चिमट्याचा विषय माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी परत गेले तेव्हा मामाने स्वयंपाकघरातला काटा आणि एक कागद तयार ठेवला होता.

“तुझ्या त्या कार्बनचं वजन किती?”

“पाय कार्बनचे आणि वरची नळी अॅल्युमिनियमची, असा घेतला तर साडेपाचशेच्या आत. हा जुना पावणेआठशे-आठशे भरेल.”

“म्हणजे पाव किलो. तू अठ्ठावन्न, सायकल साडेदहा, मिळून साडेअडुसष्ट. सिंहगड चढायला तुला पाऊण तास लागतो. पाव किलो कमी झालं तर किती वाचेल?” त्याने कागद माझ्याकडे सरकवला. “दहा सेकंद. खालच्या टपरीवर एक घोट ताक प्यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.”

“मी दहा सेकंदांसाठी म्हणतच नाहीये.”

“मग कशासाठी?”

इथे मी अडखळले, हे खरं सांगायला हवं. हादऱ्याचं बरंचसं काम टायरने केलं होतं. वजनाचं गणित मामाने कागदावर मांडलं होतं. माझ्याकडे उरलं होतं ते एकच, आणि ते मी आतापर्यंत नीट शब्दांत मांडलं नव्हतं. “मामा, हा चिमटा चाळीस वर्षांचा आहे. सिंहगड उतरताना पन्नासच्या वेगात माझं सगळं वजन त्या दोन पायांवर असतं. त्याच्या आत काय आहे हे मला माहीत नाही.”

“स्टील आहे. स्टील सांगून जातं. आधी वाकतं, मग रंग तडकतो, मग चीर दिसते. तुझं कार्बन आत तुटलेलं असतं आणि बाहेरून लग्नातल्या नवरीसारखं चमकतं. एक दिवस निघून जातं. ती पॅरिस–रूबेची शर्यत आठवते ना तुला? हँडल हातात राहिलं आणि सायकल पुढे गेली.”

“जॉर्ज हिनकॅपी, २००६. पण मामा, त्याची तुटलेली नळी अॅल्युमिनियमची होती. त्याच शर्यतीत आधी तो पडला होता, तिथे ती दुखावली होती. कार्बनच्या नावावर लोक ते उगाच खपवतात. आणि स्टील सांगून जातं म्हणतोस, तर क्रिस्तोफचं काय?”

मामा गप्प झाला, कारण युजीन क्रिस्तोफची गोष्ट मला त्यानेच लहानपणी सांगितली होती. १९१३ ची तूर द फ्रान्स. बायोन ते लुशों हा टप्पा, तुर्मालेचा घाट. क्रिस्तोफ एकूण वेळेत पुढे होता आणि उतारावर त्याचा चिमटा तुटला, स्टीलचाच. तेव्हा नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर रडत-चालत सेंत-मारी-द-कांपान गावात उतरला. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. त्यात तीन तासांहून जास्त वेळ गेला आणि अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भाता मारायला एका पोराचा हात लागला म्हणून त्याला वर वेळेचा दंडही झाला. तरी तो तूरमध्ये सातवा आला. सहा वर्षांनी, १९१९ मध्ये, एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी पहिल्यांदा आली आणि ती पहिल्यांदा त्याच्याच अंगावर चढली. शेवटाकडच्या एका टप्प्यात, वालांसियेनजवळ, त्याचा चिमटा पुन्हा तुटला. पिवळी जर्सी फर्मां लांबोकडे गेली.

लहानपणी मला त्यातला भाता मारणारा मुलगा आवडायचा. आता मला त्यातलं दुसरंच काही दिसतं. त्या माणसाला चिमट्याने दोन्ही वेळा काही ‘सांगून’ ठेवलं नव्हतं.

“ते जुनं स्टील,” मामा म्हणाला. “आणि ते ब्रेझिंगही जुनं. रेनॉल्ड्सचं ५३१ आलं १९३५ मध्ये, मँगनीज-मॉलिब्डेनमचं. त्याची बरोबरी नको करू.”

“नाही करत. पण मग बघू तरी. चिमटा काढू.”

काढणं सोपं नव्हतं. या सायकलींना हँडलचा स्टेम नळीच्या आत उतरलेला असतो आणि टोकाशी एक पाचर त्याला आतून आवळून धरते. चाळीस वर्षांचा घाम त्या फटीत मुरला होता. मामाने वरचा बोल्ट दोन आटे सैल केला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवला आणि हातोडीचा एकच बेताचा ठोका दिला. आत कुठेतरी पाचर खाली गेल्याचा ‘टक्’ असा आवाज आला. मग दोन मोठे पाने लावून वरची वाटी सोडवली. छर्रे काळ्या वंगणात गुंडाळलेले निघाले. मामाने ते जुन्या बनियनच्या तुकड्यावर पसरले आणि खालच्या वाटीत बोट फिरवून मला फिरवायला सांगितलं. माझ्या बोटाला तिथे खळगे लागले, छर्ऱ्यांच्या अंतराने, एका ओळीत. सरळ चालवताना हँडल मध्यभागी किंचित अडकतं असं मला वर्षभर वाटत होतं, ते याच्यामुळे.

मग मोजमाप सुरू झालं आणि मामाचा चेहरा खुलला. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच. आटे इंचाला चोवीस. “बरं झालं,” तो म्हणाला, “रॅलेच्या साध्या सायकलींना सव्वीस आटे असायचे, सगळ्या जगाहून वेगळे. त्या लोकांना सामान मिळता मिळत नाही.” खालच्या कोनची बैठक व्हर्नियरने २६.४ मिलिमीटर. जपानी मापात ती २७.० असते. अंतर कागदाच्या काही घड्यांइतकं, पण चुकीचा कोन आणला तर एक तर बसत नाही, नाही तर सैल राहतो. आक्सल ते चिमट्याचा माथा ३८०. चाकाचा आस नळीच्या रेषेपासून किती पुढे आहे ते माप ५०.

“आता तुझा नवा,” त्याने पेन्सिल घेतली.

“लांबी ३७०, पुढचं माप ४५.”

“म्हणजे सायकलीचं वळणं बदललं.” आणि त्याने ते कागदावर काढलं. हँडलच्या नळीची रेषा जमिनीला जिथे टेकते आणि चाक जिथे टेकतं त्यातलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक त्या रेषेच्या मागे घसटत येतं, म्हणून सायकल सरळ राहते. ट्रेल वाढला की ती शांत होते पण हट्टी होते, कमी झाला की चपळ होते पण उतारावर लक्ष मागते. त्र्याहत्तर अंशाच्या कोनाला जुन्या चिमट्याचा ट्रेल पन्नास मिलिमीटर आला. नुसतं ४५ माप घेतलं असतं तर तो छप्पनपर्यंत गेला असता. पण नवा चिमटा दहा मिलिमीटरने आखूड, त्यामुळे नाक खाली जाणार आणि कोन अर्ध्या अंशाने उभा होणार. ते धरून पुन्हा मांडलं तर साडेबावन्नच्या आसपास.

“दोन चुका एकमेकींना खातात,” मामा जरा नाराजीने म्हणाला. त्याला मोठा आकडा हवा होता.

“आणि ब्रेक?”

“पॅड आत्ता खाचेच्या तळाला आहे. नवीनला माथ्याला जाईल. बसेल. पण ब्रेक आणावा लागेल, याचा बोल्ट लांब आहे. तुझ्या चिमट्याला मागून आत बुडणारा नट लागतो.” मग तो बोटं मोडू लागला. “चिमटा, बिनआट्यांची नवी बॉलरेस, नवा स्टेम, ब्रेक. तुझं जुनं हँडल नव्या स्टेमात बसलं नाही तर हँडल. हा स्टेम मी हवा तेव्हा बोटभर वर घ्यायचो, पाठ दुखली की. तुझी नळी एकदा कापली की कापली. चिमटा म्हणून सुरुवात करतेस आणि अर्धी सायकल विकत घेतेस. ही फ्रेम ज्या चिमट्याबरोबर जन्माला आली तोच तिला शोभतो. कारखान्याने विचार करून दिलेली मापं आहेत ती.”

त्याच्या बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा हा मला जास्त लागला. मी जवळजवळ थांबले होते. फक्त सवयीने, म्हणजे त्याच्याच सवयीने, मी म्हटलं, “सरळ आहे का तेवढं बघू या?”

चिमटा फ्रेममध्ये परत सरकवून त्याने त्याची दोन फुटी स्टीलची पट्टी हँडलच्या नळीला चिकटवून खाली सोडली. अशा चिमट्याचे पाय वरून सरळ येतात आणि खाली पुढे वळतात. वरचा सरळ भाग नळीच्या रेषेतच हवा. पट्टी तिथे पायांच्या पुढे राहिली. डाव्या बाजूला चार मिलिमीटर, उजवीकडे तीन. पाय मागे सरकलेले होते.

मामा बराच वेळ पट्टी धरून बसला. मग त्याने खालच्या नळीच्या पोटावरून, हँडलजवळ, बोटाचं टोक हळूहळू फिरवलं. “फ्रेमला लाट नाही,” तो म्हणाला. “सगळं यानेच घेतलं.”

“काय घेतलं?”

“अठ्ठ्याऐंशी साली, खंडाळ्याच्या उतारावर. पावसाने उघडा पडलेला खड्डा होता. मी उडालो, हा मागे वाकला, चाक खालच्या नळीला घासत होतं. तुझ्या आईला सांगितलं नाही, तिने सायकल विकायला लावली असती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेला आणि जिगमध्ये घालून ओढला. डोळ्यांना सरळ दिसला. छत्तीस वर्षं सरळच धरून चाललो.”

“आणि मग मला दिलास.”

“मी विसरलो होतो, अगं. खरंच विसरलो होतो.” मग जरा वेळाने, “पण बघ, वाकला तरी तुटला नाही. कार्बन असता तर मी त्या दिवशी तोंडावर असतो. म्हणून मी स्टील म्हणतो.”

“आणि तुटला नाही म्हणूनच तो छत्तीस वर्षं वापरात राहिला, मामा. कार्बन असता तर तू दुसऱ्याच दिवशी फेकून दिला असतास. आणि ते पन्नासचं माप, ज्यावर आपण मघापासून गणित करतोय, ते नॉटिंगहॅमचं नाही. ते तुझ्या जिगचं आहे.”

यावर त्याने काही उत्तर दिलं नाही, कागदावरचा पन्नासचा आकडा मात्र खोडला.

माझं मत मी इथे लिहून ठेवते. वाकवून सरळ केलेला चिमटा, मग तो कितीही चांगल्या स्टीलचा असो, सायकलीवर नको. स्टील वाकतं हा त्याचा गुण आहे, पण तो एकदाच वापरायचा गुण आहे. जुनी सायकल विकत घेणाऱ्याने चकाकी बघण्याआधी नळीला पट्टी लावावी आणि खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवावं. आणि हाच नियम कार्बनलाही: दुसऱ्याने वापरलेला कार्बन चिमटा मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही, कारण त्याला पट्टी लावून काही कळत नाही.

आता प्रश्न उरला कुठला नवा घ्यायचा. मामा म्हणाला क्रोमोलीचा, आट्यांचा, म्हणजे स्टेम-ब्रेक सगळं राहील. हे शहाणपणाचं होतं आणि पैसे मोजून चालणाऱ्याला मी तेच सांगेन. मी कार्बनवर अडून राहिले. माझी कारणं दोन. बॉलरेस खळगे पडून गेलीच होती, ती बदलायचीच होती. दुसरं कारण मला हवा होता, हे. तीन वर्षं मी या सायकलीत मामाची तरुणपणची सायकल जपत होते, तिच्यात एक तरी गोष्ट मी निवडलेली असावी असं मला वाटत होतं. मामाने ते ऐकून मान हलवली आणि एकच अट घातली: वरची नळी धातूची. हिनकॅपीची आठवण मी त्याला करून दिली. “धातूचीच होती ती,” तो म्हणाला, “पण धातू आवळताना माझ्या हाताला कळतो.”

हाताला कळतो यावर आमचं खरं भांडण झालं, छोटं पण खरं. माझ्या एका मैत्रिणीची अख्खी कार्बनची नळी एका दुकानात हातच्या अंदाजाने आवळल्यामुळे स्टेमच्या कडेखाली चिरली होती. तिला ते नशिबाने स्टेम काढल्यावर दिसलं. मी टॉर्क पाना आणला. स्टेमवर पाच न्यूटन-मीटर कोरलेलं होतं. मामाने आधी हाताने आवळून दाखवलं आणि मग मी पाना लावला. पाना लगेच ‘कट्’ वाजला, म्हणजे हात आधीच वर गेला होता. त्याने दोन्ही बोल्ट सोडले, पाना माझ्याकडून घेतला आणि आलटून पालटून थोडं थोडं, पाचवर आवळलं. त्यानंतर त्या गॅलरीत हातच्या अंदाजाचा विषय निघाला नाही.

नळी कापताना त्याने खूण केली, मग खूण पुसून दहा मिलिमीटर वर दुसरी केली आणि वर तेवढ्या चकत्या घातल्या. “पाठ कधी दुखेल सांगता येत नाही,” म्हणाला.

नवीन चिमट्यावर मी आता आठशे किलोमीटर केलेत. तेच अठ्ठावीसचे टायर, तीच हवा. कात्रजच्या खडबडीत पट्ट्यावर फरक जाणवतो का, असं मामा दर आठवड्याला विचारतो. मी खरं तेच सांगते: कधी वाटतो, कधी नाही, डोळे बांधून विचारलंस तर शपथेवर सांगू शकणार नाही. हँडल मध्यभागी अडकत नाही, ते मात्र पहिल्या शंभर मीटरमध्येच कळलं. आणि सिंहगड उतरताना ब्रेक दाबला की माझं लक्ष आता पुढच्या वळणावर असतं.

जुना चिमटा मी भंगारात द्यायला निघाले होते. मामाने तो घेतला, दोन्ही पायांमध्ये करवतीने अर्धं अर्धं कापून ठेवला, म्हणजे चुकूनही कुणी तो सायकलीला लावणार नाही.

परवा ब्रेव्हेच्या आदल्या संध्याकाळी मी सायकल त्याच्याकडे नेली. त्याने चष्मा लावला, खाली बसला, खालची वाटी आणि चिमट्याचा माथा यांच्या फटीवर अंगठा ठेवला.

“पुढचा ब्रेक दाब. आता सायकल पुढे-मागे ढकल.”

मी ढकलली.

“परत. जोरात.”

अंगठा तसाच फटीवर होता. “काही हलत नाही,” तो म्हणाला, आणि तरीही उठला नाही. “अजून एकदा दाब.”